वसंतराव जनमत फिरवतात

"जनमत म्हणजे काय हो? पहिला माणूस जे बोलतो, ते जनमत! बाकीचे नुसते मागं मागं येतात. बघच तू, होमगार्डांविषयीचं अख्खं जनमत मी एकटा फिरवून दाखवतो!"

वसंतराव शेटकारांनी हे सकाळच्या दुसऱ्या चहाबरोबर जाहीर केलं. ऐकायला फक्त त्यांच्या पत्नी उमादेवी होत्या, आणि त्यांचीही पाठ वळलेली होती.

"आधी गॅसचं सिलिंडर फिरवून द्या," त्या म्हणाल्या. "रिकामं झालंय."

एका निवृत्त हेडक्लार्कला निलंग्यात बसून जनमत फिरवायची वेळ का यावी, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण होते देगलूरचे मन्मथअप्पा.

वसंतरावांचा मुलगा सिद्धलिंग बसस्टँडमागं मोटारी दुरुस्त करायचा. पाण्याच्या जळालेल्या मोटारीला नवी तांब्याची तार गुंडाळावी तर त्यानंच. शिवाय सणावाराला, मिरवणुकीला, निवडणुकीला तो होमगार्डची खाकी चढवून बंदोबस्ताला उभा राहायचा. ही खाकी त्याची हौस होती. काही जण कबुतरं पाळतात, हा शिट्टी पाळायचा.

मन्मथअप्पांचं देगलूरला आडत दुकान. मुलगी देविका तिथंच शाळेत विज्ञान शिकवायची. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलाला मुलगी आवडली, मुलीला मुलगा आवडला, फोन नंबरांची देवाणघेवाणही झाली. अडलं ते अप्पांपाशी.

"मुलगा सोन्यासारखा हाय," अप्पा फोनवर म्हणाले होते, "पण वसंतराव, होमगार्डांविषयी लोकांचं मत लई वाईट हाय हो! बातमीच्या खाली लोक काय काय लिहितात!"

"लोकांचं काय घेऊन बसलात, अप्पा!"

"वा! फ्रिज घेताना मी खालचे अभिप्राय वाचतो, आन् जावई घेताना वाचू नको?"

वसंतरावांनी स्वतः 'मांजरातीर लाइव्ह' या बातम्यांच्या पानावर जाऊन पाहिलं. होमगार्डची कुठलीही बातमी असो, खाली मजकूर ठरलेला. 'काठीला टेकून झोपणारी जमात.' 'शिट्टीशिवाय काय येतं यांना?' 'यांच्या समोरून बकरी गेली तरी यांना पकडता येत नाही.' बकरीवाल्या वाक्याला तर सव्वाशे लोकांनी पसंतीचा अंगठा दिला होता! असं वाचून कोण मुलगी देणार?

तेव्हा वसंतरावांनी ठरवलं. होमगार्डची बातमी पडली की पहिला अभिप्राय आपला, आणि तोही स्तुतीचा. पहिल्या मेंढरानं वळण घेतलं की कळप वळणारच. फक्त विजेच्या वेगानं लिहायला हवं. एवढ्याचसाठी ते फोनला बोलून लिहीत. बोटं चालवण्यात वेळ जातो, आणि चष्मा शोधण्यात तर फारच.

दुपारी फोन वाजला. बातमी! पडद्यावर खाकी रंगाचा ठिपका दिसला. वसंतरावांचा चष्मा खिडकीत होता आणि खिडकी चार पावलांवर. चार पावलं म्हणजे चार अभिप्राय मागं पडणं! त्यांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला. खाकी कपडे, गळ्यात कानापर्यंत आलेला झेंडूचा हार, डोळे मिटलेले, छातीशी चौकट.

"अरेरे!" वसंतराव हळहळले. "गेला बिचारा!"

आणि पुढच्याच क्षणाला त्यांच्या लक्षात आलं की संधी ती हीच. गेलेल्या माणसाला आपल्याकडं कोणी नावं ठेवत नाही! त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाजात कंप आणून सांगितलं, "भावपूर्ण श्रद्धांजली! आमच्या कुटुंबातला हिरा गेला. घर सुनं झालं. असा होमगार्ड पुन्हा होणे नाही. शोकाकुल, वसंतराव शेटकार, निलंगा."

कुटुंब म्हणजे समाजाचं कुटुंब, असं त्यांच्या मनात होतं. पण मनातलं फोनमध्ये उमटत नाही.

आता खरी बातमी अशी होती, की गणपतीच्या मिरवणुकीत एका चोरानं बाईच्या गळ्यातली साखळी ओढली, आणि बंदोबस्तावरच्या सिद्धलिंगनं त्याला पाडून, पोलीस येईपर्यंत त्याच्या पाठीवर बैठक मारली. म्हणून पथकानं त्याचा सत्कार केला. हार घातला, मानपत्राची चौकट हातात दिली, आणि कॅमेऱ्याचा उजेड पडताच त्याचे डोळे मिटले. मथळा होता, 'होमगार्ड सिद्धलिंग शेटकार यांचा गौरव'. पुढचं वाचायचं तर बातमी उघडावी लागते, आणि त्यासाठी एक बोट जास्त दाबावं लागतं. तेवढे कष्ट कोण घेणार? लोकांनी मथळा पाहिला, फोटो पाहिला, खाली खुद्द वडिलांची श्रद्धांजली पाहिली, आणि 'गौरव'च्या आधी 'मरणोत्तर' हा शब्द आपापल्या मनानं घातला.

कळप वळला! आणि असा वळला, की बांधावरून उड्या मारत सुटला.

वसंतराव आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. उशाशी फोन 'टिंग' करत होता. टिंग म्हणजे एक अंगठा. टिंग, टिंग, टिंगटिंगटिंग! पुढं पुढं तर फोन बर्फगोळेवाल्याच्या घंटीसारखा वाजायला लागला. हेडक्लार्कच्या अख्ख्या नोकरीत त्यांच्या लिहिण्याला एवढा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. टेबलावर सिद्धूचा फोनही सारखा थरथरत होता. सिद्धू सकाळीच तार आणायला लातूरला गेला होता आणि फोन विसरला होता. दुसऱ्याचा फोन उचलू नये, ही वसंतरावांची शिस्त.

तेवढ्यात समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला, आणि खाजाभाई दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात, चेहरा उतरलेला.

"वसंतराव भाई... ये क्या हो गया?"

"या, बसा. वाचलंत तुम्ही?"

"वाचलं ना. हातपाय गळाले. कसं झालं हो?"

"काय माहीत? मी काय खोलात गेलो न्हाई."

"खोलात... गेला न्हाई?"

"अहो खाजाभाई, रोज कोणी ना कोणी जातंच. आपण दोन ओळी लिहायच्या आन् मोकळं व्हायचं."

खाजाभाईंनी हळूच स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. "भाभीला सांगितलं?"

"तिला कशाला? ती भज्याचं पीठ कालवून राहिली."

"भजी?"

"हाव, कांद्याची. थांबा, तुम्ही बी घ्या."

"या अल्ला," खाजाभाई पुटपुटले, "सदमा बसला माणसाला." त्यांनी वसंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "रो लो भाई. दिल हलका होतो."

"मी कशाला रडू? खरं सांगू का, एका अर्थी बरंच झालं. माणूस गेला, पण होमगार्डांचं नाव झालं. आता आमच्या सिद्धूचं लग्न जमायला हरकत न्हाई!"

खाजाभाई ताडकन उठले. खिडकीतला चष्मा त्यांनी उचलला, स्वतःच्या सदऱ्याला पुसला, आणि आपल्या हातानं वसंतरावांच्या नाकावर बसवून फोन समोर धरला.

वसंतरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. नाक, कान, हनुवटी, सगळं घरचंच होतं.

"उमे!" अशी काही आरोळी त्यांनी मारली, की स्वयंपाकघरात झारा पडला.

उमादेवींनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही हात कमरेवर, एका हातात पीठ.

"परवा जेवताना सांगितलं की लेकरानं, सत्कार झाला म्हणून! तुम्ही फोनात डोकं घालून होता. त्याला काय म्हणालात आठवतं का? 'अरेरे' म्हणालात!"

"तेव्हा मी दुसरी बातमी वाचून राहिलो होतो गं!"

"आता पुसा ते मेलं! लगेच पुसा!"

वसंतरावांनी घाईघाईनं आपली श्रद्धांजली पुसली. सुटकेचा श्वास घ्यायच्या आत खाली नवा अभिप्राय उमटला. 'वडिलांचा अभिप्राय गायब! कोणी दबाव आणला? प्रशासनाचा जाहीर निषेध!' त्याच्याखाली निषेधांची रांग लागली. कोणी लिहिलं, चोराच्या पाठीवरच त्यानं प्राण सोडला. कोणी लिहिलं, प्राण गेला तरी बैठक सोडली नाही. एकानं आठवण सांगितली की, 'दादांनी मला एकदा हेल्मेट नसताना सोडलं होतं, देवमाणूस!' बकरीवाला गृहस्थ तर म्हणत होता की बसस्टँड चौकाला सिद्धलिंगचं नाव दिलंच पाहिजे.

"खरं काय ते लिहून टाका," खाजाभाई म्हणाले. "साफ साफ."

वसंतरावांनी या खेपेला चष्मा लावून, एक एक अक्षर स्वतः दाबून लिहिलं, 'सिद्धलिंग जिवंत आहे.'

लगेच उत्तरं आली. 'हो काका, आमच्या सर्वांच्या मनात जिवंत आहे!' 'अशी माणसं मरत नसतात!' 'धन्य तो पिता!' 'सिद्धलिंग अमर रहे!'

वसंतराव मट्कन खाली बसले. विज्ञानात याला जडत्व म्हणतात. चालू लागलेली वस्तू चालतच राहते, आणि लोक तर वस्तूपेक्षा फार वजनदार असतात.

तोच फोन वाजला. मन्मथअप्पा!

"अप्पा, ऐका, तो—"

"काही बोलू नका!" अप्पांचा आवाज भरून आला होता. "काळीज घट्ट करा. आम्ही निघालोय. उदगीर सोडलं."

"अहो पण सिद्धू—"

"त्याचं नाव काढू नका हो, मला गाडी चालवायची हाय!" आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलेनात.

"आता ते घरात मयत हाय म्हणून येणार," वसंतराव रडवेले झाले. "आन् इथं भज्यांचा वास! उमे, निदान गॅस तरी बंद कर."

"का म्हणून?" उमादेवी कडाडल्या. "माझं लेकरू जिवंत हाय. तारेचं ओझं घेऊन भुकेलं येईल. मी भजी तळणार!" आणि तळणाचा चर्र आवाज आणखी मोठा झाला.

अप्पांची गाडी दारात थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आधी उतरल्या अप्पांच्या आई, शरणम्मा. पदराखाली पितळी डबा. शोकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून म्हातारीनं देगलूरहून पिठलं-भाकरी मांडीवर धरून आणली होती.

"अय्यो शिवने!" उंबऱ्यातच त्यांनी हंबरडा फोडला. "काय रे तुझा न्याव! आमच्या देविकानं दुपारपासून पाण्याचा घोट घेतला न्हाई!" मग त्यांनी रडणं थांबवून नाक वर केलं. "भजी तळून राहिले का कोणी?"

"आजी, त्याचं असं हाय—" वसंतराव पुढं सरसावले.

पण मन्मथअप्पांनी त्यांना मिठीतच घेतलं. अप्पा सव्वाशे किलोचे. त्या मिठीत बोलायलाच काय, श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

"वसंतराव, मी पापी माणूस! तुम्हाला नकार कळवायचं कालच ठरवलं होतं. लोक होमगार्डांना नावं ठेवतात म्हणून. आज वाचलं आन् डोळे उघडले हो! केवढी माणसं रडून राहिलीत! त्या बकरीवाल्याचं वाचलंत का? दगडाला पाझर फुटला! असला जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा न्हाई. आज तो असता ना, तर गळ्याशपथ सांगतो, इथल्या इथं सुपारी फोडली असती!"

मिठीच्या आतून वसंतरावांचा "उं, उं" असा आवाज येत होता. अप्पांना वाटलं, हुंदका आहे. त्यांनी आणखी आवळलं.

याच वेळी लातूरच्या बसमधून उतरून, खांद्यावर तारेचं वेटोळं टाकून सिद्धलिंग फाटकातून आत आला. दारात अनोळखी चपला, आत रडण्याचा आवाज, खाजाचाचांचं दुकान बंद.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

शरणम्मांच्या हातातला डबा सुटला. पिठल्याचा एक पिवळा ओघळ अंगणातून सिद्धलिंगच्या बुटापर्यंत गेला. मन्मथअप्पांची मिठी सैल झाली आणि वसंतराव बाटलीच्या बुचासारखे बाहेर आले.

"सुपारी!" पहिल्याच श्वासात ते ओरडले. "खाजाभाई, साक्षीदार तुम्ही! उमे, सुपारी आण!"

"हौ, हौ, मी ऐकलं!" खाजाभाई टोपी घालत म्हणाले. "गळ्याशपथ बोलले अप्पा!"

सगळा उलगडा व्हायला भज्यांचे दोन घाणे लागले. अप्पा आधी रागावले, मग हसले, मग खायला बसले. सुपारी आणि अडकित्ता ताटात येऊन पडला. खाजाभाईंना एवढा आनंद झाला, की त्यांनी भजं खाणाऱ्या सिद्धलिंगचा फोटो काढला आणि 'अल्हम्दुलिल्लाह, जिंदा है!' असं लिहून त्याच बातमीखाली टाकून दिला.

तिथंच घात झाला. अडकित्ता हातात घेण्याआधी अप्पांनी सवयीनं फोन उघडला. आणि त्यांचा चेहरा हळूहळू विझत गेला.

"काय झालं?" वसंतरावांनी धास्तावून विचारलं.

अप्पांनी वाचून दाखवलं. "'जिवंत राहून जनतेच्या भावनांशी खेळ! निषेध!' ... 'आम्ही इथं रडून राहिलो आन् हा भजी खातोय.' ... 'होमगार्डकडून दुसरी अपेक्षा काय करणार?' ... आन् हा बकरीवाला म्हणतो, 'मला आधीच शंका होती.'" त्यांनी अडकित्ता ताटात ठेवला. "वसंतराव, रागावू नका. पण मत पुन्हा फिरलं हो. दोन-चार दिवस थांबू. कुठं स्थिर होतं ते बघू."

सिद्धलिंगनं हातातलं भजं ताटात ठेवलं आणि मान खाली घातली. उमादेवींचा पदर डोळ्यांशी गेला.

"ए मगा, पोरा, इकडं ये," शरणम्मा म्हणाल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांच्याजवळ फोनही नव्हता. त्यांनी सिद्धलिंगला समोर बसवलं. "चोराच्या पाठीवर किती वेळ बसलास?"

"पोलीस येईपर्यंत, आजी."

"लोक काय म्हणत होते तेव्हा?"

"लई बोलून राहिले होते. कोणी म्हणे सोड त्याला, कोणी म्हणे मार. एक म्हणे, हाच चोर असंल."

"मग उठला का न्हाईस?"

"उठलो असतो तर तो पळाला असता की."

शरणम्मा मुलाकडं वळल्या. "ऐकलंस का मन्मथा? गर्दी डोक्यावर ओरडून राहिली तरी ह्यो जागचा हलला न्हाई. आन् तू? बसल्या जागी कालपासून तीनदा फिरलास! माझ्या नातीला असला, तुझ्यासारखा, नवरा नगं. फोड सुपारी!"

"पण अव्वा, लोक—"

"लोकांना द्यायची हाय का पोरगी?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन पुन्हा थरथरला. या वेळी तो ज्याचा होता त्यानंच उचलला. पलीकडचा आवाज सगळ्या घरानं ऐकला.

"कोण बोलतंय?" देविकाचा आवाज रडून बसला होता.

"मी. सिद्धलिंग."

मग आवाज एकदम चढला. "जिवंत आहात, तर फोन का उचलला नाही?"

"घरी विसरलो होतो."

"पुन्हा विसरायचा नाही. कळलं?"

"हाव."

"आणि जेवलात का?"

एवढं ऐकल्यावर मन्मथअप्पांनी निमूटपणे फोन खिशात घातला आणि अडकित्ता उचलला. सुपारी कड्कन फुटली.

सगळ्यांना साखर-खोबरं वाटून होतंय तोवर फाटकाशी बुटांचा आवाज आला. होमगार्डचं पथक दोन ओळींत उभं होतं. पुढं पथकाचे प्रमुख समादेशक, त्यांच्या हातात भलंमोठं पुष्पचक्र. सिद्धलिंग घाईनं पुढं झाला आणि त्यानं कडक सलाम ठोकला. समादेशकांनीही सवयीनं ठोकला, आणि पुष्पचक्र पायावर पडलं.

"शेटकार! तू हायस?"

"हाय सर."

"मग बरंच झालं!" समादेशकांचा चेहरा खरोखर उजळला. "उद्या सकाळी बसस्टँड चौकात ड्यूटीला ये. नागरिक कृती समितीची जाहीर शोकसभा हाय. लई गर्दी होणार, आन् माझ्याकडं माणसं कमी पडून राहिली."

"कोणाची शोकसभा, सर?"

समादेशकांनी घसा साफ केला. "तुझीच."

"पण सर, मी तर..."

"मला दिसून राहिलं रे! पण समितीनं मंडप घातलाय, वक्त्यांची भाषणं पाठ झालीत. भज्यांचा फोटो जुना हाय, असं त्यांनी जाहीर बी करून टाकलंय. ते म्हणतात, आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील? आपलं काम बंदोबस्ताचं. सभा कोणाची हाय ते आपण बघत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सिद्धलिंग इस्त्रीची खाकी घालून चौकात उभा राहिला. मुलाची काळजी म्हणून वसंतराव, आणि व्याह्याला सोबत म्हणून मन्मथअप्पा, दोघंही चहाच्या टपरीआड थांबले. मंडपात वक्ते एकामागून एक गहिवरत होते. इकडं सिद्धलिंग शिट्टी फुंकून मोटारसायकली दोरीच्या पलीकडं लावायला सांगत होता.

एका गृहस्थानं गाडी मधोमध उभी केली. सिद्धलिंगनं शिट्टी वाजवली. तसा तो माणूस उसळलाच.

"अरे, काही शरम? तिकडं एका देवमाणसाला श्रद्धांजली चाललीय, आन् तू शिट्ट्या मारून राहिला? तो शेटकार बघ, त्याला म्हणतात होमगार्ड! न्हाईतर तुम्ही! समोरून बकरी गेली तरी पकडता येत न्हाई तुम्हाला!"

टपरीआड मन्मथअप्पांनी वसंतरावांचा दंड गच्च धरला. वसंतरावांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, काही न बोलता मिटलं.

"खरं हाय काका," सिद्धलिंग म्हणाला. "लई चांगला माणूस होता. तेवढी गाडी दोरीच्या पलीकडं घ्या."